दोन खोके आणि एक भुंगेरा

खरेदी कशी करावी हे कोणाला शिकायचं असेल, तर त्याने सरळ माझ्याकडे यावं! ही बढाई नाही. मी आमच्या कंपनीच्या खरेदी विभागात आहे. टाचण्यांपासून जनरेटरपर्यंत सगळं माझ्या टेबलावरून जातं. तीन दुकानांची कोटेशनं मागवायची, त्यांचा तुलनात्मक तक्ता करायचा, आणि मगच निर्णय. घरीसुद्धा मी याच पद्धतीने वागतो. पायपुसणं घेतानाही मी तक्ता केला होता. बायको अधूनमधून विचारते, "अहो, लग्नाच्या वेळी माझ्याबरोबर आणखी कोणाकोणाची कोटेशनं होती हो?" मी तेव्हा काहीतरी शोधायला दुसऱ्या खोलीत जातो.

तर अण्णांच्या लॅपटॉपला मोठी डिस्क बसवायची ठरली, तेव्हा ते काम माझ्याकडे येणं अगदी स्वाभाविक होतं. खरं म्हणजे ते माझ्याकडे आलं नव्हतं. मीच झडप घातली.

अण्णा म्हणजे माझे सासरे. निवृत्त विज्ञानशिक्षक. आमच्याकडेच राहतात, मागच्या खोलीत, आणि त्यांच्याबरोबर राहतात त्यांचे भुंगेरे. घाबरू नका, जिवंत नाहीत! काही टाचणीवर आणि बाकीचे सगळे फोटोत. बागेत, कुंपणावर, रस्त्यावरच्या दिव्याखाली, जिथे म्हणून सहा पायांचं काही दिसेल तिथे अण्णा गुडघे टेकतात आणि कॅमेरा काढतात. गेली कित्येक वर्षं हेच चाललंय. आता शहरातल्या संग्रहालयाने त्यांना या फोटोंचं पुस्तक करायला सांगितलंय. तेव्हापासून अण्णांना जेवणाचं भान नाही.

फोटो सगळे त्या लॅपटॉपमध्ये. तो लॅपटॉप इतका म्हातारा झालाय, की सकाळी बटण दाबून अण्णा अंघोळीला जातात आणि कपडे बदलून येतात, तरी तो जांभयाच देत असतो! झाकणाची बिजागरी तुटलीय, म्हणून मागे शब्दकोशाचा टेकू. तेही चाललं असतं. पण त्याची डिस्क गळ्यापर्यंत भरली. एका नव्या फोटोलाही जागा उरली नाही.

मग अण्णांनी काय करावं? रोज संध्याकाळी बसायचे आणि एक जुना फोटो खोडायचे. नवा भुंगेरा आत घ्यायचा तर जुना बाहेर! एकदा जेवताना ते ताटाकडे बघत म्हणाले, "आज ठिपकेवाल्याला निरोप दिला."

"कोण ठिपकेवाला?" मी विचारलं.

"हिच्या शाळेच्या फाटकावर बसायचा तो," ते म्हणाले, आणि उठून हात धुवायला गेले. बायकोने माझ्याकडे पाहिलं. 

"अण्णा, मी आहे ना!" मी मोठ्याने म्हणालो. "मोठी डिस्क बसवू. एकाही भुंगेऱ्याला निरोप द्यायला लागणार नाही. सगळे आहेत तसे नव्या घरात!"

"नक्की ना, जावईबापू? माझ्याकडे दुसरी प्रत नाही." त्यांना फोटो इंटरनेटवर ठेवा म्हणून किती वेळा सांगितलं होतं. पण अनोळखी माणसाच्या घरी मी छत्रीही ठेवत नाही, हे त्यांचं उत्तर ठरलेलं.

"खरेदी विभागाचा शब्द आहे!" मी छातीवर हात ठेवला. इथून माझी घसरण सुरू झाली.

तक्ता तर झकास झाला. जागा, वेग, वॉरंटी, तापणं, वजन, आयुष्य, लोकांचे अभिप्राय, त्या अभिप्रायांवर दुसऱ्या लोकांनी व्यक्त केलेल्या शंका! बायको मागून डोकावली. "अहो, डिस्क घेताय की घर?"

"निर्णय अभ्यास करून घ्यायचा असतो."

"घ्या. तोवर अण्णांनी आणखी दोघांना निरोप दिलाय."

मी तडक कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. याआधीच्या माझ्या फेऱ्यांमुळे दुकानदार मला चांगला ओळखत होता. मला बघताच तो हातातला पंखा पुन्हा पुन्हा पुसायला लागला.

"साहेब, एक टीबी घ्या आणि मोकळे व्हा," तो म्हणाला.

"एक टीबी दहा वर्षांनी पुरेल?"

"दहा वर्षांनी तो लॅपटॉप असेल का?"

"लॅपटॉपचं जाऊ द्या. अण्णा असतील ना!"

त्याने गुपचूप दोन टीबीची डिस्क काढून दिली. एसएसडी, म्हणजे नव्या जातीची डिस्क! माझ्या तक्त्यात वेगात पहिली, वजनात पहिली. खोका मात्र ऐटबाज: काळाभोर, जाड पुठ्ठ्याचा, आत मऊ स्पंजची गादी. त्या गादीत ती डिस्क म्हणजे च्युइंगगमच्या पट्टीएवढी चीज!

घरी आलो, लॅपटॉप पालथा घातला, स्क्रू काढले. आणि मग लक्षात आलं, की त्या पट्टीला बसायला आत जागाच नाही! म्हातारबुवांच्या जमान्यात असली पट्टी नव्हतीच. तिथे होती पत्त्यांच्या जोडाएवढी, चपटी, जुनी हार्ड डिस्क. माझ्या त्या अवाढव्य तक्त्यात 'बसते का?' हा रकानाच नव्हता.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही. दुसरं कोटेशन मागवतोय."

पुन्हा दुकान. या वेळी चपटी एसएसडी घेतली. कंपनी तीच, जागा तेवढीच, आणि लक्षात ठेवा, खोकाही तसाच! तोच काळा रंग, तीच गादी. दुकानदाराने बजावलं, "ती पट्टी उद्या परत आणा. पण मूळ खोक्यातच पाहिजे. खोका नसेल तर परत घेणार नाही."

मूळ खोका! हे तो कोणाला शिकवत होता? आमच्या विभागाचा पहिला नियमच हा, की वस्तू मूळ खोक्याबाहेर ठेवायची नाही. आमच्याकडचं पंचिंग मशीनसुद्धा रोज संध्याकाळी आपल्या खोक्यात जाऊन झोपतं.

नवी डिस्क लॅपटॉपमध्ये बसली. काय सांगू, अगदी मापात! पेन ड्राइव्हवरून विंडोजही घातलं. आता जुन्या डिस्कवरचे फोटो नवीवर घ्यायचे, की काम फत्ते. पण जुनी डिस्क बाहेरून जोडायला एक वायर लागते, ती मी आणली नव्हती. हरकत नाही, पट्टी परत करायला जायचंच होतं, तेव्हा आणू. तोवर जुनी डिस्क कुठे ठेवायची? उघड्यावर? छे! नव्या डिस्कचा खोका रिकामाच होता. मी ती अलगद गादीत निजवली, झाकण लावलं. जेवणाच्या टेबलावर आता दोन खोके शेजारी शेजारी होते. एकात परत करायची पट्टी, दुसऱ्यात अण्णांचं सगळं आयुष्य. मी स्वतःवर इतका खूश होतो, की शीळ घालत झोपायला गेलो.

आता अण्णांचा नियम सांगतो. तोही आमच्या विभागाच्या नियमाइतकाच कडक आहे. घरात येणारा प्रत्येक चांगला खोका भुंगेऱ्यांचा! चपलांचे, औषधांचे, चष्म्याचे, सगळे खोके मागच्या खोलीत जातात. त्यांना नेमका त्याच दिवशी बागेत एक शिंगवाला भुंगेरा मेलेला सापडला होता. हा आपल्या पुस्तकात नाही, कुठल्याच पुस्तकात नाही, म्हणून ओळख पटवायला तो संग्रहालयाला पाठवायचा होता. पाय मोडू नयेत अशा खोक्याच्या शोधात ते बाहेर आले. आणि टेबलावर बघतात तर काय, स्पंजची गादी!

सकाळी सुट्टी होती. टेबलावरचे खोके आता फळीवर होते; त्यातला एक उचलला, हातात अगदी हलका लागला, म्हणजे पट्टीचाच, आणि मी दुकानात गेलो.

"ही घ्या पट्टी, आणि डिस्क बाहेरून जोडायची एक वायर द्या."

दुकानात एक बाई माउस बघत होत्या. दुकानदाराने खोका ओढला, झाकण उघडलं, आणि तो स्टुलासकट मागे गेला!

"साहेब, हे काय आणलंत?"

"एसएसडी."

"याला पाय आहेत!"

बाईंनी वाकून पाहिलं आणि माउस तिथेच टाकून त्या दुकानाबाहेर पळाल्या. मी पाहिलं. गादीच्या मधोमध अंगठ्याएवढा, काळा कुळकुळीत, शिंग रोखलेला भुंगेरा माझ्याकडे बघत होता.

"मेलेला आहे," मी म्हणालो.

"मग मी काय वॉरंटीत बदलून देऊ?"

मला हसू आलं. खरंच आलं! अण्णांचीच ही करामत, मनात म्हटलं, माझ्या खोक्यात स्वतःचा भुंगेरा... आणि ते हसू जागच्या जागी गोठलं. भुंगेरा इथे आहे. मग अण्णा संग्रहालयाला काय पाठवताहेत?

मी घरी फोन लावला.

"अण्णा कुठेत?"

"कुरिअरला गेलेत," बायको म्हणाली. "भुंगेरा पाठवायला. किती खूश होते! नवा शर्ट घालून गेले."

"कुठल्या खोक्यात पाठवताहेत?"

"तुमच्या त्या काळ्या खोक्यात. रात्री त्यांनी टेबलावरच भरून ठेवला होता. सकाळी फळीवरून घेतला आणि कागद गुंडाळला."

"टेबलावरचे खोके फळीवर कोणी ठेवले?"

"मी. टेबल आवरायला नको? तुम्ही ओरडताय का माझ्यावर?"

"नाही गं!"

"ओरडताय."

"अगं, त्यातल्या एका खोक्यात जुनी डिस्क होती!"

पलीकडून हळूच प्रश्न आला, "फोटो नव्या डिस्कवर घेतले होते ना?"

"नाही."

"एकही?"

"वायर नव्हती."

"अहो, मग फोनवर काय बोलताय? पळा!"

मी पळालो. पण नुसतं पळता येतं का? हातात भुंगेरा! त्याची एक मिशी जरी मोडली असती, तरी अण्णांनी मला टाचणी टोचून भिंतीवर लावलं असतं. मग वरचा अर्धा माणूस काठोकाठ भरलेला चहाचा कप नेल्यासारखा स्थिर, आणि खालचा अर्धा धावतोय! रस्त्यावरची माणसं बाजूला होऊन वाट देत होती. माझ्या डोक्यात मात्र एकच वाक्य फिरत होतं. माझ्याकडे दुसरी प्रत नाही. वाटेत खड्डे, टपाल, ट्रक, गोणी, आदळआपट, आणि त्यात ती म्हातारी, नाजूक डिस्क!

कुरिअर ऑफिसच्या बाहेरच्या कुंपणात मला एक ओळखीचा नवा शर्ट दिसला. अण्णा गुडघ्यावर बसून एका पानाचा फोटो काढत होते. म्हणजे खोका देऊन झाला होता! त्यांना कळायच्या आत डिस्क परत मिळवावी, म्हणून मी चोरासारखा त्यांच्या पाठीमागून आत शिरलो.

आत ही मोठी रांग. मागच्या दाराला टेम्पो लागलेला, आणि एक माणूस भरलेल्या गोण्या धाडधाड आत फेकतोय. मी रांग मोडून खिडकीशी गेलो.

"मॅडम, आत्ता एक म्हातारे गृहस्थ खोका देऊन गेले. तो मला परत हवाय!"

"पाठवणाऱ्याशिवाय कोणाला देता येत नाही," मॅडम मान वर न करता म्हणाल्या.

"मी त्यांचा जावई आहे."

"सगळे असंच सांगतात."

"सगळे जावई असल्याचं सांगतात?"

"आत काय आहे ते सांगा. जुळलं तर बघते."

"हार्ड डिस्क."

त्यांनी कॉम्प्युटरवर बघितलं. "इथे लिहिलंय, मृत कीटक."

"ते चुकलंय. मृत कीटक माझ्याकडे आहे!"

आता मात्र मॅडमनी मान वर केली. मागून कोणीतरी म्हणालं, "अहो, रांगेत या!" पुरावा दिल्याशिवाय सुटका नाही हे मी ओळखलं. मी खोका काउंटरवर ठेवला आणि झाकण उघडलं.

"हा घ्या तुमचा मृत कीटक, आणि माझी डिस्क द्या!"

मॅडमची खुर्ची मागच्या कपाटावर आपटली. रांगेतली माणसं भिंतीला चिकटली. एका क्षणात माझा नंबर पहिला लागला होता, पण खिडकीत कोणीच नव्हतं.

"जावईबापू!"

दारात अण्णा. कॅमेरा गळ्यात, गुडघ्यांना माती. त्यांनी आधी भुंगेऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हा इथे कसा? मी याला आत्ताच पाठवला."

"अण्णा, तुम्ही... म्हणजे तुम्ही जे पाठवलंत..." माझी ततपप झाली. "ते भुंगेरे आहेत. सगळे. जुनी डिस्क होती त्यात."

अण्णा बाकावर बसले. "सगळे?" त्यांनी विचारलं.

"सगळे."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते हाताकडे बघत राहिले. "तरीच खोका जड लागत होता," ते म्हणाले. "मला वाटलं, कुठल्याच पुस्तकात नसलेला भुंगेरा आहे, असेल वजनदार." मला इतकी लाज वाटली, की त्या भुंगेऱ्याने मलाच पोटात घेऊन संग्रहालयात जावं असं वाटलं.

तेवढ्यात मागे टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला. आणि अण्णा उभे राहिले! आयुष्यभर मागच्या बाकापर्यंत पोचलेला आवाज त्यांनी काढला.

"गाडी थांबवा!"

गाडी थांबली. गोण्या फेकणारा सरळ उभा राहिला. मॅडमही कपाटामागून बाहेर येऊन उभ्या राहिल्या. मला वाटतं, रांगेतल्या एकदोघांनी तर हात बांधले!

"पाठवणारा मी आहे. माझा खोका काढा. हळू. आपटायचा नाही."

गोणी उघडली. वरून पाकिटं निघाली, एक कुकर निघाला, कोणाचे तरी बूट निघाले, आणि त्या बुटांखालून आमचा खोका. कोपरा चेपलेला! मी कागद फाडला. जुनी डिस्क आपल्या गादीत शांत झोपली होती. मी ती उचलून छातीशी धरली. मॅडम भुंगेऱ्याकडे बोट दाखवून दुरूनच म्हणाल्या, "आणि याचं काय?"

"हा जाणारच!" अण्णा म्हणाले. त्यांनी भुंगेऱ्याची एकेक मिशी तपासली, झाकण लावलं आणि पत्ता घातला. पट्टीचा मूळ खोका माझ्या डोळ्यांदेखत टेम्पोत चढला.

वाटेत वायर घेतली. दुकानदाराने ती काउंटरवरून घरंगळत माझ्याकडे पाठवली. "पट्टी आणि खोका?"

"खोका संग्रहालयात गेला."

"मग पट्टी तुमचीच," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजातही सुटका झाल्याचा आनंद होता.

पट्टी कुठे आहे, हे मला घरी कळलं. अण्णांनी खिशातून काढली. "ही होय? फार छान सरळ आहे! भुंगेऱ्याशेजारी ठेवून फोटो काढला, म्हणजे आकार कळतो." बाजारातली सगळ्यात वेगवान पट्टी आमच्याकडे फुटपट्टी झाली होती.

पण खरी परीक्षा पुढेच होती. चेपलेल्या खोक्यातली डिस्क चालेल का? वायर जोडली. डिस्कमधून टिक, टिक असा आवाज आला आणि बंद झाला. आम्ही तिघं लॅपटॉपसमोर बसलो. बायकोने चहा आणला, तो कोणी घेतला नाही. पडद्यावर ती हिरवी रेघ थोडी सरकायची, थांबायची, पुन्हा सरकायची. अर्ध्यावर तर ती इतका वेळ रुतून बसली, की बायकोने माझा दंड घट्ट धरला. अण्णा म्हणाले, "बिचारी दमली असेल." मी मनातल्या मनात सगळी कोटेशनं रद्द केली, तक्ते फाडले, पुन्हा कधी बढाई मारणार नाही असं कबूल केलं. रेघ हलली. हलत हलत टोकाला गेली. झालं!

अण्णांनी पहिला फोटो उघडला. धुरकट, वाकडा, एक तपकिरी भुंगेरा, आणि त्याच्याकडे दाखवणारं शाईने माखलेलं बोट.

"अय्या, हे माझं बोट!" बायको ओरडली.

"तूच दाखवला होतास तो. माझा पहिला," अण्णा म्हणाले. "याला मी कितीदा खोडायला निघालो होतो. हात धजावला नाही." मग ते माझ्याकडे वळले. "आता कोणालाच निरोप द्यायचा नाही ना?"

"नाही अण्णा. सगळे बसले, आणि अजून केवढी तरी जागा आहे."

"वा, जावईबापू!" ते म्हणाले. इतक्या वर्षांत हा शब्द त्या सुरात मी पहिल्यांदाच ऐकला. माझा जीव भांड्यात पडला तो असा, की गार झालेला चहा मी तिघांचाही पिऊन टाकला.

संग्रहालयाने भुंगेरा सुखरूप पोचल्याचं कळवलं. जुन्या डिस्कवरची प्रत आता कपाटात असते, कडीकुलपात. आणि मी, कबूल केलेलं विसरून, ऑफिसात पुन्हा मान ताठ करून फिरायला लागलो होतो. अशात परवा अण्णा माझ्याजवळ येऊन बसले.

"जावईबापू, आणखी एक डिस्क घ्या. निवड तुमचीच हवी हं, तुम्हाला त्यातलं फार कळतं."

मी फुललो! "का हो अण्णा, भरली एवढ्यात?"

"छे, कोपराही भरला नाही. पण या वेळी जरा लांबट खोक्यातली बघा. एक नाकतोडा पाठवायचाय."

मी तक्ता पुन्हा उघडलाय. तीन दुकानांतून कोटेशनं मागवलीत. जागा, वेग, वॉरंटी सगळं आहे तसंच आहे. फक्त पहिला रकाना नवा घातलाय. खोक्याची लांबी!